उतू गेलेलं दूध

सोमवार, ३ तारीख

आलो एकदाचा! नवं गाव, नवी नोकरी आणि प्रकाशनगृहाच्या माळ्यावरची खोली: खिडकी एक, खुर्च्या दोन, त्यांतली बसण्याजोगी एक. मालक स्वतः जिन्यापर्यंत सामोरे आले. शाळेला कंटाळलेल्या संस्कृतच्या मास्तरासाठी या वयात कोणी जिन्यापर्यंत येत नाही. मी तिथेच विरघळलो.

काम सोपं आहे. एक जुनी, गाजलेली कादंबरी. तिची लेखिका हयात नाही, म्हणून तिचा उत्तरार्ध भलत्याच कुणीतरी लिहिलाय. अव्यापारेषु व्यापार म्हणतात तो हाच. मी दोन्ही शेजारी ठेवून मेळ बघायचा. पहिलीत नायिका डावखुरी असली तर दुसरीत तिने उजव्या हाताने लिहू नये, पहिलीत वारलेले सासरे दुसरीत जेवायला बसू नयेत, वगैरे. पान बिनचूक असलं की कोपऱ्यात ‘ठीक’ लिहून सही. इथल्या जुन्या मुद्रितशोधक, चष्मेवाल्या बाई, म्हणाल्या की मास्तर, जपून हं, इथे ठीक म्हटलं की ते ठीकच होऊन बसतं. मी हसलो. नवख्याने हसायचं असतं.

मूळ कादंबरीची माझ्याकडची प्रत अक्काची, माझ्या थोरल्या बहिणीची. भाऊजी हात उगारायचे आणि उगारून थांबायचे नाहीत. अक्काने हे पुस्तक वाचलं आणि नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडली. शिवणाचं दुकान काढलं, मला शिकवलं. माझं सगळं संस्कृत म्हणजे तिच्या मशीनचे टाके. पुस्तकाचं शेवटचं वाक्य आम्हा दोघांना पाठ आहे: ‘चुलीवर दूध उतू गेलं, तिने मागे वळून पाहिलं नाही.’ त्याखाली अक्काची पेन्सिल: ‘मीसुद्धा.’

मंगळवार, ४

उत्तरार्धाचं पहिलंच वाक्य: तिने मागे वळून पाहिलं. मग बाईसाहेब घरात शिरतात, पातेलं उतरवतात आणि नवऱ्याची क्षमा मागतात. लेखकाची भाषा इतकी गुळगुळीत की माशी बसली तर घसरेल.

मालकांना म्हटलं, हा मेळ नव्हे, खून आहे. ते म्हणाले, अहो मास्तर, वाचकांना बाई घरात हवी असते. तिने वळून पाहिलं नाही ते मूळ पुस्तक संपेपर्यंत. पुढे पाहिलं नसेल कशावरून? तर्क भिकार होता, पण चहा चांगला होता, आणि मी नवा होतो. मौनं संमतिलक्षणम्, हे मी वर्षानुवर्षं मुलांकडून घोकून घेतलंय. आज स्वतः गिरवलं. ठीक. सही.

संध्याकाळी अक्काला फोन केला. मागे कात्रीची करकर चालू होती. म्हणाली, गाढवा, त्या बाईच्या भरवशावर मी घर सोडलं आणि तू तिलाच परत धाडलीस होय? दोघंही हसलो. ती जरा आधी थांबली.

गुरुवार, ६

तीन प्रकरणं ठीक. नायिका आता हळू बोलते, हळू चालते, बांगड्यासुद्धा वाजवत नाही. मेळ चोख आहे, बोट ठेवायला जागा नाही.

अक्काच्या दुकानात फोन लावला. कुणी पुरुष म्हणाला, इथे खिळे-पत्रे मिळतात, कपडे नाहीत. आमच्या वडिलांपासून हेच दुकान आहे.

खोलीत करपलेल्या दुधाचा वास येतोय. इमारतीत चूल नाही, शेगडी नाही, चहासुद्धा बाहेरून येतो. बाईंना वास येत नाही म्हणे.

शुक्रवार, ७

अक्काचाच फोन आला. आवाज दबका. भाऊजी झोपलेत, म्हणाली, हळू बोल. विचारलं, तू तिथे कशी? म्हणाली, मग कुठे असणार रे? दुकानाचं काढलं तर म्हणाली, कसलं दुकान? बहिणीची थट्टा करतोस? मग मागून भाऊजींची हाक. फोन ठेवला — ठेवला नाही, पडला.

प्रत उघडली. शेवटचं वाक्य: ‘चुलीवर दूध उतू गेलं, तिने मागे वळून पाहिलं.’ छपाई तीच, जुनी, पिवळी. खाली अक्काची पेन्सिल.

‘मीसुद्धा.’

शनिवार, ८

खाली धावलो. म्हटलं, माझं ठीक खोडा. मालक म्हणाले, खोडायला उरलंय काय? तुम्ही ठीक केलेली प्रकरणं पुस्तिका करून दुकानांत गेलीसुद्धा, खप झकास आहे. बाईंना विचारलं, पहिल्या कादंबरीचा शेवट आठवतो? चष्मा पुसत म्हणाल्या, ती परत फिरते ना, तोच. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, सांगितलं होतं तुम्हाला.

रविवार

या वहीची मागची पानं वाचली. ‘अव्यापारेषु’ — हे काय आहे? अक्षर माझं, अर्थ लागत नाही. मी कुठला मास्तर? शाळा सातवीतच सुटली. फी कोण भरणार होतं? मी इथे गठ्ठे बांधायला —

नाही. अक्का भरायची. मशीन होती. होती ना?

सोम

अक्काच्या शेजारणीचा फोन. अक्का जिन्यावरून पडली म्हणे. भाऊजींचं घर तळमजल्यावर आहे. जिना कुठला —

वास फार.

ते वाक्य वाचवायला हवं. ते राहिलं तर ती बाहेर पडेल. पहिल्या नोंदीत आहे. वाचतो — शेवटच्या शब्दाशी डोळा घसरतो. पुन्हा — घसरतो.

पाठ होतं मला. पाठ आहे. लिहितोच. चुलीवर दूध उतू गेलं. तिने मागे वळून पाहिलं —