पश्चात्तापाचं प्रकरण

प्रिय आई,

गुडघ्याला तेल लावतेस ना? सूनबाई विचारतेय, मी फक्त लिहून घेतोय. दुकान बरं चाललंय. लोकांचे पंप बिघडतात, देव त्यांचं भलं करो.

काल तुझे संपादक दुकानात आले होते. स्टुलावर आधी रुमाल अंथरला, मग बसले. म्हणाले, कादंबरी उत्तम आहे, पण लॉन्ड्रीत राबणारी ही बाई, लग्न नाही, पदरात मूल, आणि तिला एकदाही वाईट वाटत नाही? वाचक तिला माफ कसा करणार? पश्चात्तापाचं एक प्रकरण हवं, तरच छापू. मी विचारलं, पश्चात्ताप कशाचा? जरा चाचरले. म्हणाले, मुलाचा. मी म्हटलं, साहेब, चहा घ्या, ते मूलच पाजतंय. बिचाऱ्यांना ठसका लागला.

माणूस सज्जन आहे गं. पण त्यांनी तुला ओल्या चादरी ओढताना पाहिलेलं नाही. ती मोठाली यंत्रं एका बाजूला फिरून थांबायची, मग उलटी फिरायची. मधल्या थांब्यात मावेल तेवढंच तुम्ही बायका बोलायचात. तू तिथेच गोष्टी रचायचीस. एक वाक्य टाकायचीस, यंत्र घरघरायला लागायचं, आणि सगळ्या जणी कान टवकारून उभ्या. इस्त्रीवाली मावशी करवादायची, "अगं मेले, त्या पोरीला पुरात सोडून गप्प काय बसलीस?" तू म्हणायचीस, "मला काय विचारतेस, यंत्राला विचार." लोकांना वाटतं तुझी वाक्यं तोडकी आहेत. मी ती लहानपणी कपड्यांच्या गाठोड्यावर बसून ऐकलीत, मला ती पुरेशी लांब वाटतात.

मुकादमीणबाईंनी एकदा सगळ्यांदेखत तुला विचारलं होतं, पोराचा बाप कोण ते तरी कळू दे. तू यंत्र थांबायची वाट पाहिलीस, पार इस्त्रीच्या टेबलापर्यंत ऐकू जावं म्हणून. मग म्हणालीस, "पोरगा माझा आहे. पुढची चादर द्या." आणि त्यांनी दिली. मी गाठोड्यावर जरा ताठ बसलो. अजून तसाच बसतो, गिऱ्हाईक कितीही मोठं असो.

आता पत्राचं कारण. संपादक निघताना म्हणाले की तू होकार दिलायस, ते प्रकरण लिहायलाही घेतलंयस, पण हात चालत नाहीये. तेव्हा मी तुला जरा धीर द्यावा. तर घे धीर. तुला पुस्तक किती हवंय ते मला ठाऊक आहे, आणि दुसरा कोणी ते छापेल याची हमी मी देऊ शकत नाही. लेखणी तुझी, अडवणारा मी कोण? फक्त लिहून झालं की त्यांच्याकडे पाठवू नकोस, रविवारी इकडे ये. माझ्यासमोर बस आणि ते प्रकरण मला मोठ्याने वाचून दाखव. शेवटपर्यंत वाचता आलं, तर मीच ते त्यांच्या हातात नेऊन देईन.

तुझाच,
थोरला आणि धाकटाही