पूजेला गेलेल्या वस्तू

अण्णा,

काल संग्रहालयाची मंडळी घरी आली होती. होय, संग्रहालय! बंदरावरची ती जुनी कस्टम कचेरी, जिच्यात तुमचा जीव अडकला होता आणि जिचं पुढे सरकारी गोदाम झालं, ती आता रिकामी झाली आणि गावाने पुन्हा हातात घेतली. कोणी कौलं दिली, कोणी चिरे दिले, बायकांनी आळीपाळीने जमीन घासली. अगदी तुमच्या वेळेसारखंच. त्यांना सगळ्यात आधी हवाय तो आपल्याकडचा होका, गलबतावरचं ते जुनं होकायंत्र. सोबत छापील कागद आणला होता: वस्तू कायमची दिली, पुन्हा मागणार नाही. मी म्हटलं, ठेवून जा, सही करून देते. कालपासून तो कागद समोर आहे आणि माझा हात काही चालत नाही. म्हटलं, आधी अण्णांना विचारावं. तुम्ही काय उत्तर देणार, कपाळ! पण दुसऱ्या कोणाला विचारू?

कचेरीत गावाचं संग्रहालय मांडायचं म्हणून तुम्ही शाळा सुटली की पिशवी घेऊन दारोदार फिरायचात ते आठवतं. सोनाराचा तराजू, सुताराचा रंधा, वैद्यांचा खल, दशावताऱ्याची लाकडी तलवार. माणसं सहजासहजी देत नसत. मग तुम्ही ओसरीवर बसायचात आणि प्रत्येक घरी एकच वाक्य बोलायचात, "वस्तू तुमचीच. रवतली फक्त थंय, कचेरीत." समुद्रकाठच्या दांड्यावर मासे विकणाऱ्या काकीने सासऱ्याचा होका दिला तो या वाक्यावर. सासरा गलबतावर तांडेल होता, त्याच्या मागे घरात तेवढीच एक वस्तू उरली होती. आणि आपल्या घरातून काय गेलं? आईची माहेरची समई. तिला तुम्ही विचारलंसुद्धा नाहीत. त्या नवरात्रात आईने देवापुढे पणती लावली आणि नऊ दिवस तुमच्याशी फक्त जेवणापुरतं बोलली. स्वयंपाकघरात ती पणतीत तेल घालते आहे, वात पुढे सारते आहे, आणि तुम्ही पानावर बसून मला कचेरीची मोजमापं सांगता आहात. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. मला तुमचा फार राग आला होता.

अष्टमीच्या सकाळी तुम्ही पहिल्या गाडीने रेडीला गेलात. तिथे कोणाच्या तरी पायरीखाली टेकू म्हणून तोफेचा गोळा लावलाय असं कळलं होतं. कचेरीची चावी माझ्याकडे. दुपारी काकी आली. टोपली रिकामी, केस चोपून बसवलेले, हातात गोंड्याच्या फुलांचा पुडा. "बाय गो, फाल्या खंडेनवमी. आमचो होको पूजेक व्हयो. दसऱ्याक आणून देतलंय." तिच्या मागे सोनार, त्याच्या मागे सुतार, मग एकेक करून सगळेच. कोणाच्या मनात काही वावगं नव्हतं हो! अवजारांची पूजा उद्या, अवजार तिथे अडकलेलं, मग मागायला नको? तुम्हीच तर म्हणाला होतात वस्तू त्यांची. मी कुलूप काढलं. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात आधी मी आपली समई बाहेर काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नागिरीहून साहेबांची जीप आली. कचेरी कायमची आपल्याला द्यायची की गोदामाला, ते त्यांच्या पाहणीवर ठरणार होतं. आत टेबलांवर तुमच्या सुंदर अक्षरातल्या चिठ्ठ्या, आणि वस्तू एकही नाही. "वस्तू कुठे आहेत?" "पूजेला गेल्या आहेत," मी म्हटलं. साहेब बिचारे सज्जन, हसलेसुद्धा नाहीत. "मी येणार असं पत्र पाठवलं होतं. मिळालं नाही?" मी मान हलवली, नाही. त्यांनी कोकम सरबत घेतलं, वहीत चार ओळी लिहिल्या आणि गेले. संध्याकाळी तुम्ही गोणपाटात गोळा घेऊन उतरलात. सगळं ऐकून एवढंच म्हणालात, "तुका कोणी सांगल्यान उघडूक?" माझ्याशी नंतर आठ दिवस बोलला नाहीत. पण पोस्टमनला भर रस्त्यात काय काय बोललात! तो आपला म्हणतोय, "मास्तरांनू, कार्ड दिलंय मी घरात." तुम्ही ऐकून घेतलं नाहीत. मी दारात उभी होते.

कार्ड आलं होतं. अष्टमीलाच, काकी यायच्या तासभर आधी. मी वाचलं होतं. काकीला "साहेब येतले, फाल्या दुपारी ये" एवढं म्हणायला काय हरकत होती? का म्हटलं नाही, ते मला आजही उमगत नाही. काकीसाठी? आईसाठी? की तुम्हाला एकदा धडा शिकवायचा म्हणून? दसऱ्याच्या संध्याकाळी एकूण एक वस्तू परत आली, चिंचेने घासून लखलखीत, वर आपट्याची पानं. तुम्ही तराजू हातात घेऊन "अरे, शंभर वर्सांचो रंग घालवलात!" म्हणून ओरडलात आणि तिथेच खाली बसून रडलात. तुम्हाला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्या गडबडीत मी ते कार्ड होक्याच्या पेटीत, तळाच्या हिरव्या कापडाखाली सारलं.

कचेरी गेली. तुम्ही पुन्हा पिशवी घेऊन दारोदार वस्तू परत करत फिरलात. होका घेऊन मी बरोबर होते. काकीने हात मागे घेतला. "गावाक दिल्लो तो, गुरुजीनू. आता परत माझो कसो करू?" म्हणून तो आपल्या घरी राहिला. आणि पुढल्या वर्षापासून, पूजाअर्चेत कधी लक्ष न घालणारे तुम्ही, खंडेनवमीला पेटी उघडून होक्याला कुंकू लावायला लागलात. आई समईत वात घालायची, तुम्ही फूल ठेवायचात. त्यातल्याच एका खंडेनवमीला तुम्ही पोस्टमनला हाक मारून ओसरीवर बसवलंत, आपल्या हाताने चहा दिलात. मला वाटलं, चला, अण्णांचा राग निवळला.

आज पेटी पुसायला घेतली. ते हिरवं कापड उचललं. कार्ड आहे. त्याच्यावर, साहेबांनी तारीख लिहिली आहे बरोबर तिथे, कुंकवाचं एक बोट उमटलंय. चुकून लागलं असेल? होक्याचं कुंकू ओघळून कापडाखाली कसं जाईल? मग तुम्हाला किती वर्षं ठाऊक होतं? आणि माझ्या लग्नात, आईच्या दुखण्यात, तुमच्या शेवटच्या महिन्यात मी उशाशी बसायचे तेव्हा, एकदाही बोलला नाहीत. ती माफी होती की शिक्षा? डोकं चालत नाही माझं.

कागदावर मी सही करणार आहे. खाली एक ओळ हाताने लिहिली आहे: खंडेनवमीला काकीच्या नातवंडांनी मागितला तर द्यावा. मंडळी हसली तर हसू देत. हे पत्र मात्र कुठे टाकू? पोस्टमनही राहिला नाही, ज्याच्यापाशी जाऊन बोलावं. तुम्हाला ठाऊक होतं, तरी माझ्या तोंडून तुम्ही कधी ऐकलं नाहीत, म्हणून लिहिते. अण्णा, कार्ड मिळालं होतं.