सोडलेलं अंजीर

१८ ऑगस्ट, पिनर, लंडन

"सोडायचं तर आवडीचं सोडावं. नावडतं सोडून देवाला कशाला फसवायचं?"

आईचं हे वाक्य सकाळपासून डोक्यात आहे. काशीला घाटाच्या पायरीवर, ओले हात पदराला पुसत म्हणाली होती. बाबांच्या अस्थी घेऊन गेलो होतो, आई, शकुमावशी आणि मी. काशीला गेलं की खाण्यातली एक गोष्ट जन्मभरासाठी सोडायची. मावशीनं ऐटीत पडवळ सोडलं. एरवीही ती पडवळाला शिवत नाही. आईनं अंजीर सोडलं. सोनोरीला अंजिराच्या बागेत लहानाची मोठी झालेली बाई.

आज कन्सल्टंटनं आईचा स्कॅन दाखवला. आता उपचार नाहीत. राहिलेले दिवस बरे जावेत, एवढंच. "कुठे जायचं मनात असेल तर आत्ताच जा," म्हणाला. मला वाटलं आई पुणं म्हणेल.

"साउथहॅम्प्टन," म्हणाली.

२० ऑगस्ट

साउथहॅम्प्टन म्हणजे जहाज. बाबा तिथल्या हॉस्पिटलात नोकरीला होते तेव्हा रविवारी आम्ही धक्क्याजवळच्या बागेत बसायचो. चटणी सँडविच, थर्मासमधला चहा, समोरून निघणारी पांढरी क्रूझ. बाबा जहाजावरच्या अनोळखी लोकांना हात हलवायचे. "रिटायर झालो की आपणही." त्याआधीच गेले.

भूमध्य समुद्राची फेरी मिळाली. दोन आठवडे. आईचा आजार सांगून इन्शुरन्स काढता काढता नवऱ्याचा, महेशचा, घसा बसला. बिचारा. म्हणाला, "तुम्ही दोघीच जा, मी आणि इरा आहोत घरी." लेकीचं, इराचं, आजीला तिच्या मोडक्या मराठीत फर्मान: "आजी, मला फूडची फोटो पाठव. रोज!"

आईनं बॅगेत पहिल्यांदा काय टाकलं? ओवा.

२९ ऑगस्ट, साउथहॅम्प्टन

डेकवर वारा. आई व्हीलचेअरमध्ये, दोन शाली. जहाज हललं तशी ती बाग समोर आली. आमचं बाकडं कोणतं ते ओळखता येईना, सगळी नवी आहेत. कोणीतरी माणसं बसली होती. आईनं हात हलवला. तिकडून लाल जाकीटवाल्या एका बाईनंही हलवला.

"दिसतो गं इथून," आई म्हणाली. "त्यांचा हात दिसत असणार लोकांना."

मी दुसरीकडे बघत राहिले.

२ सप्टेंबर, बार्सिलोना

जहाजावरचं जेवण तिला नको. "हॉस्पिटलसारखंच आहे, फक्त मेणबत्ती लावलीय." तीन दिवस दही आणि टोस्ट. काळजी वाटायला लागली होती.

आज बाजारात एका टपरीवर भाजलेला पाव. त्यावर लसूण घासलेली, पिकलेला टोमॅटो चोळलेला, वर तेल, मीठ. बस. आईनं पूर्ण तुकडा खाल्ला. बोटं चाटली. "एवढंच करायचं असतं, माणसं उगाच रांधत बसतात." हे म्हणणारी बाई पुरणाला चार तास उभी राहायची.

पूर्ण तुकडा. मुद्दाम लिहून ठेवतेय.

४ सप्टेंबर, जिनोआ

धिरडं! भल्यामोठ्या तांब्याच्या परातीत, लाकडाच्या भट्टीत भाजलेलं, हरभऱ्याच्या पिठाचं. आईला आधी वास आला, मग दुकान दिसलं. भट्टीवाल्याला तिनं सरळ मराठीत सांगितलं, "छान झालंय हो. पण जरा ओवा घालत जा." तो म्हणाला, "सी, सी, सिन्योरा." तिनं पर्समधून पुडी काढून त्याच्या हातावर ठेवली. त्यानं हुंगली, डोळे मोठे केले. खूप हसलो.

संध्याकाळी सगळं उलटून पडलं. तोंड पुसताना म्हणाली, "असू दे. चव घेऊन झाली होती."

६ सप्टेंबर, पालेर्मो

इथे पाटवडीसारख्या वड्या तळून पावात घालतात, वर लिंबू. आईनं दोन घास खाल्ले. शकुमावशीला व्हिडिओ कॉल लावला.

"अगं, एवढ्या लांब जाऊन वडापावच खाताय होय?" मावशी. मग एकदम, "शांते, तुझ्या मागे बघ. अंजिरं! खा की आता. देव काय इटलीपर्यंत येतोय?"

"तू आधी पडवळ खा," आई म्हणाली.

मावशीनं विषय बदलला.

८ सप्टेंबर, पाल्मा

नीट लिहायला हवं.

बाजाराच्या कडेला एक म्हातारी फक्त अंजिरं घेऊन बसलेली. काळी-जांभळी, पानांवर मांडलेली. आईनं मला खुर्ची थांबवायला लावली. म्हातारीनं एक उचललं, दोन अंगठ्यांनी उघडलं आणि आईच्या हातात दिलं. आईनं देठ पाहिला. "चीक ओला आहे. आज पहाटे तोडलेलं." नाकाशी नेलं. मी श्वास धरून.

मग हात माझ्याकडे आला. "तू खा. मी बघते."

मला अंजिराचं कधीच विशेष नव्हतं. डब्यातली सुकी, चामड्यासारखी, तेवढीच ठाऊक. खाल्लं.

"कसं?"

"गोड."

"गोड साखरही असते. नीट सांग."

मग सांगितलं. साल आधी थोडी अडते, मग एकदम सुटते. आत गार. बिया दाताखाली चुरचुरतात, आणि शेवटी जिभेवर मधासारखं काहीतरी राहतं, पण मध नाही. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी गिळलं तेव्हा तिच्याही गळ्यातून घोट उतरला. रिकामा.

"आणखी एक खा," म्हणाली. खाल्लं. आणखी एक. रडू येत होतं आणि थांबवत नव्हतं. खाणंही. इतकं आवडीनं काही खाल्ल्याला किती वर्षं झाली असतील.

"आमच्या उन्हाळी मिठ्या बहाराच्या अंजिराला याहून जास्त वास होता," आई म्हणाली. चेहरा मात्र खूश.

१६ सप्टेंबर, पिनर

घर. पाऊस. तिला जिना चढवत नाही, पलंग खाली हॉलमध्ये लावलाय. रिसायकलिंगच्या कचऱ्याचा वार चुकला.

नर्स येऊन गेली. "मागतील ते द्या, जाईल तेवढं जाऊ दे." मागत काहीच नाही. चमचाभर पेज, बर्फाचा खडा. बार्सिलोनाचा तो पाव घरी करून पाहिला. टोमॅटो इथले, पाणचट. तिनं माझ्याखातर चाटला.

२१ सप्टेंबर

हॅरोच्या टर्किश दुकानात अंजिरं आली आहेत. आता हा आमचा रोजचा कार्यक्रम. दुपारी तिच्या पलंगाशी बसून मी एक खायचं आणि कसं आहे ते सांगायचं. "आजचं झालं का?" ती विचारते. कालचं आंबूस होतं, तर दुकानदारावर तीच चिडली.

मला आता वाट पाहायची सवय लागलीय. सकाळी मीटिंगमध्ये मन त्या पिशवीत. लाज वाटते. ती आटत चाललीय आणि मला चव येतेय.

२७ सप्टेंबर

मावशीनं सासवडच्या गुरुजींना विचारलं. आजाऱ्याला नेम नसतो, गंगाजलाचा थेंब टाकून खुशाल द्या, म्हणाले. मी धावत आईला सांगितलं.

"गुरुजींनी सोडलं होतं का? मी सोडलं होतं."

इरानं बशी पुढे केली. "आजी, फक्त एक छोटी तुकडा. कोणाला कळणार आहे?"

"मला," आई म्हणाली, आणि तिचा गाल कुरवाळला. इरा किचनमध्ये जाऊन भांडी आपटत रडली. "शी इज सो स्टबर्न, मम्मा." मी म्हटलं, हो. आणि दोघींनी मिळून भांडी पुसली.

१ ऑक्टोबर

आज बरी होती. उशीला टेकून बसली. मी विचारलं, का गं अंजीरच सोडलंस? पडवळ सोडायचं होतंस तूही.

तिनं शाल सारखी केली. मग –

"तुझे बाबा सप्टेंबरात आणायचे. साउथहॅम्प्टनच्या बाजारातून. एकच, कागदात गुंडाळून. तू शाळेत असायचीस. अर्धं ते, अर्धं मी. मोठं अर्धं मलाच द्यायचे. ते गेल्यावर अख्खं अंजीर एकटीनं कसं खायचं?"

एवढी वर्षं मी त्याला व्रत समजत होते.

५ ऑक्टोबर

नर्स म्हणाली, आता गिळणंही कमी होईल. ओठ ओल्या बोळ्यानं टिपायचे.

दुकानदार म्हणाला, ही शेवटची पेटी, आता पुढच्या वर्षी. त्यातलं सगळ्यात मऊ निवडलं. बशीत ठेवलंय, आईच्या उशाशी. ती झोपलीय. खिडकीतून ऊन आलंय, अंजिरावर नाही, तिच्या हातावर.

अंजीर मला आवडायला लागलं हे बरंच झालं. ऑगस्टमध्ये मी ते सोडलं असतं तर मावशीच्या पडवळासारखंच झालं असतं.

ती उठली की विचारणार आहे. नाही म्हणेल. "तू खा, मी बघते" हेच म्हणेल, कदाचित तेवढंही बोलवणार नाही, नुसती मान हलवेल. तरी विचारणार.

आई, हे एकच. अर्धं तू, अर्धं मी, मोठं अर्धं तुझं. नुसतं ओठाला लावलंस तरी चालेल. यानंतर अंजीर मी सोडते, जन्मभरासाठी. तुझं सोडणं मला दे.