तुलनेसाठी निरोगी भावंड

नोएडा, १२ जानेवारी २०२४

चि. सौ. वासंतीस, अ. उ. आ.

फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून लिहितेय. उल्हासच्या हृदयाचा स्नायू जाड झालाय, हे तू जाणतेसच. नव्या औषधाच्या संशोधनात त्यानं नाव दिलंय. गोळी खरी की नुसती पिठाची, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. पण दर महिन्याला इतकी बारीक तपासणी एरवी कोण करतं? दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरातल्या घरून तो तपासणीला एकटाच जायचा, म्हणून मी सोबत गेले. तुलनेसाठी त्यांना निरोगी भावंडं हवी होती. मी म्हटलं, चलो, माझंही बघा. ताई फुकटच्या चहासाठी आली, असं उल्हास चिडवत होता.

वासंती, मी निरोगी निघाले नाही. तोच दोष, फक्त अजून जाणवत नव्हता. हृदय भरकटलं तर झटका देऊन सावरणारं यंत्र छातीत बसवायचं ठरलंय. बाबा ऑफिसच्या जिन्यात कोसळले, तेही यानंच असणार. आता तू आणि तुझी तनया, दोघी तपासून घ्या.

रागावलीस तरी माया आटवू नकोस.
तुझी शालूताई

नाशिक, २० जानेवारी

ती. सौ. शालूताईस, सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुझं यंत्र नीट बसू दे. पण तनयाला यातलं काही कळवू नकोस. मे महिन्यात तिचं लग्न. निहारच्या घरचे चांगले आहेत, पण शेवटी लोकच. पोर दर रविवारी गड चढते, तिला काय झालंय? दादा आजारी म्हणून तपासणीला गेला, आपण होऊन संकट का शोधायचं?

या धाकटीला सांभाळून घे.
वासंती

नोएडा, ४ मार्च

चि. सौ. वासंतीस, अ. उ. आ.

तू परत गेल्यापासून घर खायला उठतं. निगमबोध घाटावर, उल्हासच्या चितेपाशी, तू विचारलंस, संशोधनात जाऊन दादाला काय मिळालं? औषधानं तो वाचला नाही. त्याचं हृदय फार दमलं होतं. पण परवा स्वयंपाकघरात माझं हृदय भरकटलं. यंत्रानं झटका दिला. मी फरशीवर पडले आणि उठले. बाबा उठले नव्हते.

याहून जास्त मला सांगता येत नाही.

तुम्हा दोघींच्या काळजीत,
शालूताई

नाशिक, २ एप्रिल

ती. सौ. शालूताईस, सा. न. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं मी तनयाच्या हातात दिली. आम्ही तपासून घेतलं. दोष दोघींत आहे. माझा सौम्य, तिचा जास्त. तिच्याकडे तो माझ्यातून गेला. गड बंद झाला. निहारला तिनं स्वतःच सांगितलं. चार दिवसांनी त्याच्या वडिलांचा फोन आला. लग्न मोडलं.

ती रडली नाही. एवढंच म्हणाली, “आई, जानेवारीपासून तुला माहीत होतं. मी तेव्हाही गड चढत होते.” त्यानंतर कामापुरतं बोलते.

तिनं दिल्लीच्या संशोधनात नाव दिलंय. गुरुवारी येतेय. मी सोबत येऊ का विचारलं, तर नको म्हणाली. तिला घ्यायला स्टेशनवर जा. तिची बॅग जड आहे. तू उचलू नकोस, तिलाही उचलू देऊ नकोस. हमाल करा.

दोघींच्या मायेत मलाही थोडी जागा असू दे.
वासंती