उजव्या गुडघ्यातला परका तुकडा

३ फेब्रुवारी, मंगळवार
गुडघ्याच्या डॉक्टरांकडे गेलो. वेटिंग रूममधल्या प्रत्येक खुर्चीला आधी बसलेल्या माणसाची ऊब. किळस आली. उभा राहिलो. गुडघा दुखला. बसलो.

डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं. हाडांवरच्या मऊ गादीला कूर्चा म्हणतात. माझ्या उजव्या गुडघ्यात तिला खड्डा पडलाय. केवढा, विचारलं. म्हणाले, साधारण दोन सेंटिमीटर. साधारण म्हणजे काय? सव्वीस वर्षं वजनमापं तपासतोय. साधारण या शब्दावर मी लोकांचे काटे जप्त केले आहेत. त्यांनी तोंड वाकडं करून पुन्हा मोजलं. एकवीस मिलिमीटर.

कारण उघड आहे. सव्वीस वर्षं काट्यांपुढे उकिडवं बसणं. मुलगी फोनवर म्हणाली, आई गेल्यापासून तुम्ही जिन्यात दोनदा पडलात. चूक. एकदाच पडलो. दुसऱ्यांदा बसलो होतो.

ही जाऊन आठ महिने झाले. त्याचा गुडघ्याशी संबंध नाही.

संकल्प: सहा आठवड्यांत दौऱ्यावर हजर. ऑफिसात कोणाला कळू द्यायचं नाही.

४ फेब्रुवारी
ऑफिसात सगळ्यांना कळलंय. हेडक्लार्क बाई जवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, आता घरी तुमचं करणार कोण हो? वर खांद्यावर हात. हात ओला होता. साहेब म्हणाले, ३० एप्रिलपर्यंत फिटनेस सर्टिफिकेट आणा, नाहीतर दौरे कायमचे शेजारच्या टेबलावरच्या मिशीवाल्याकडे. मिशीवाला म्हणाला, साहेब, काळजी करू नका, मी आहे. हीच काळजी आहे. हा माणूस काटा तपासताना दुकानदाराचा चहा पितो.

११ फेब्रुवारी, बुधवार
लहान खड्ड्यात जेलचं बूच बसवतात. माझा खड्डा त्या मापाबाहेर. मला दात्याचा तुकडा लागेल. दाता म्हणजे गेलेला माणूस. त्याच्या गुडघ्यातून कूर्चेचा हाडासकट गोल तुकडा काढायचा आणि माझ्यात ठोकून बसवायचा. विचारलं, नवीन मिळत नाही का? डॉक्टर म्हणाले, नवीनच असतो, दोन-तीन आठवड्यांचा.

घरी येऊन जेवण समोर घेतलं. ताट झाकून ठेवलं.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, आईनेही अवयवदानाचं कार्ड भरलं होतं.

माहीत आहे. मीच ते हिच्या पाकिटात पाहिलं होतं. पण ही गेली त्या दुपारी हॉस्पिटलच्या अवयवदान समन्वयक बाई फॉर्म घेऊन आल्या तेव्हा पेन चालत नव्हतं. त्यांनी स्वतःचं दिलं, ते गळत होतं. गळक्या पेनाने अशा कागदावर सही करता येत नाही. एवढंच झालं. मी नाही म्हटलं, पण नाही असं म्हटलं नाही. योग्य वेळ नाही, असं म्हटलं. आणि हिला घरी घेऊन आलो.

१२ फेब्रुवारी
ऑपरेशनला होकार कळवला. वैद्यकीय निर्णय. भावनेचा प्रश्न येत नाही.

२ मार्च, सोमवार
फोन आला. तुकडा मिळाला. म्हणजे कोणीतरी गेलं. फोनवरच्या मुलीचा आवाज आनंदी होता. उद्या सकाळपासून काही खाऊ नका म्हणाली. इच्छा कोणाला होती?

५ मार्च
हॉस्पिटल. शेजारच्या पलंगावरचा माणूस घशातून असे आवाज काढतो की कान धुवावेसे वाटतात. बेडपॅनबद्दल लिहीत नाही. डॉक्टर खूश. म्हणाले, काय मस्त बसलाय! जसा काही भाडेकरू. बँडेजखालून औषधाचा गोडसर वास येतो. हा वास ओळखीचा आहे. खिडकी उघडायला सांगितली. नर्स म्हणाल्या, ती उघडत नाही.

१५ मार्च, रविवार
मुलगी महिन्याची रजा टाकून आली. घर बघून म्हणाली, बाबा, हे काय करून ठेवलंय? सिंकमध्ये एक कप होता. बरं, नऊ होते.

१८ मार्च
आजपासून व्यायाम. फिजिओथेरपीच्या मॅडम घरी येतात. न्हाणीघरात ठेवतात तसला वजनकाटा जमिनीवर ठेवायचा, त्यावर उजवा पाय ठेवून बरोबर दहा किलो भार द्यायचा. कमी नाही, जास्त नाही. भार मिळाला नाही तर गादीचं पोषण होत नाही, गुडघा आखडतो.

पद्धत मला पटली. शेवटी एक शास्त्रशुद्ध काम. दहा दिवसांत मॅडमना थक्क करतो.

१९ मार्च
मॅडमचा काटा खोटा आहे. माझं दहा किलोचं प्रमाणित वजन ठेवलं. दहा किलो चारशे ग्रॅम दाखवतो. अशा काट्यावर पाय ठेवणार नाही, असं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, काका, तुम्हाला व्यायाम करायचाय की पंचनामा?

२३ मार्च
मॅडमनी दुसरा काटा आणला. तीनशे वीस ग्रॅमचा फरक, तोही उलट्या बाजूने. अहवाल लिहायला घेतला. भार शून्य.

२७ मार्च
तिसरा काटा. नव्वद ग्रॅम. आक्षेप घेण्यासारखा नव्हता. पाय काट्याच्या वर नेला. आत काहीतरी हललं. म्हणजे हललं नसेल. पण कोणाच्या तरी पायाने माझा पाय खाली चाललाय असं वाटलं. दोन किलोवर थांबलो. मॅडमना सांगितलं, जमीन समपातळीत नाही.

मुलगी दारातून म्हणाली, लेव्हल आणून देऊ का, बाबा? बुडबुडा मधोमध आला. माझा मूड गेला होता.

६ एप्रिल, सोमवार
तपासणी. गुडघा फक्त साठ अंश वाकतो. डॉक्टर चिडले. म्हणाले, ज्या घरच्यांनी हे दिलं त्यांनी त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवशी सही केली, आणि तुम्ही दोन किलोवर अडलाय! मी म्हणालो, सही करायला काय लागतं?

मुलगी भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत राहिली. वाक्य चुकीच्या अर्थाने बाहेर पडलं. माझ्या म्हणण्याचा अर्थ वेगळा होता. कोणता, ते आत्ता आठवत नाही.

परतताना गाडीत मी खुलासा केला की त्या दिवशी तू प्रवासात होतीस, तुला विचारल्याशिवाय मी कसा निर्णय घेणार? ती म्हणाली, बाबा, मी फोनवर होते. मी हो म्हटलं होतं. दोनदा.

लाइन खराब होती.

८ एप्रिल
समन्वयक बाईंनी तेव्हा यादीच वाचली होती. डोळे, त्वचा, गुडघे. गुडघे म्हणताना त्यांनी चादरीकडे पाहिलं. हिचे पाय कायम गार. ताप असला तरी गार. मोजे मी चढवायचो, कारण हिला वाकायचा कंटाळा.

याचा मुद्द्याशी संबंध नाही. खोडायचं होतं, पेनाने लिहिलंय.

९ एप्रिल
पाच किलो दिले.

११ एप्रिल, शनिवार
मुलगी म्हणाली, हॉस्पिटलमार्फत दात्याच्या घरच्यांना पत्र पाठवता येतं. नावं कोणाचीच लिहायची नाहीत. तुम्ही लिहा. म्हटलं, त्यात काय, उद्या दुपारपर्यंत तयार. पत्रव्यवहारात आयुष्य गेलंय.

१२ एप्रिल
पहिला मसुदा. 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपणाकडील तुकडा सुस्थितीत प्राप्त झाला.' मुलगी हसली. आठ महिन्यांत, नाही, दहा महिन्यांत पहिल्यांदा या घरात कोणी हसलं. मग म्हणाली, हे फाडा.

१३ एप्रिल
दुसरा मसुदा. 'आपल्या घरात निर्माण झालेली पोकळी कधीही भरून निघणार नाही.' ही गेल्यावर ऑफिसने मला हेच वाक्य पाठवलं होतं. फ्रेम करून. तेव्हाच शिसारी आली होती. शिवाय माझा खड्डा त्यांच्या माणसाने भरला. वाक्य खोडलं. 'मी आता पूर्ण बरा आहे.' खोटं. खोडलं. 'मी रोज नियमित व्यायाम करतो.' खोडलं. 'आपले दुःख मी समजू शकतो.' हे कोणीही लिहितं. खोडलं.

१४ एप्रिल, मंगळवार
जमलं! एकच वाक्य, पण नेमकं. मापात. मनापासून. वाचून मलाच भरून आलं. एवढं चांगलं मी कधी लिहिलं नव्हतं. मुलगी उद्या सकाळी निघणार. उद्या निघताना दाखवतो. तिच्या मनात जे काय आहे ते या एका वाक्याने निघून जाईल, याची खात्री आहे.

आणि उद्यापासून दहा किलो, मग पूर्ण भार. ३० तारखेला सर्टिफिकेट. मिशीवाल्याने माझे शिक्के तयार ठेवावेत.

१५ एप्रिल, बुधवार
मुलगी गेली.

बॅग दारात ठेवून तिने पत्र वाचलं. 'तुमच्या जागी मी असतो, तर मीही हेच केलं असतं.' एवढंच वाक्य. ती ते फार वेळ वाचत होती. मी चष्मा पुसत होतो. मग तिने कागद टेबलावर ठेवला, माझी कॉलर सरळ केली आणि म्हणाली, बाबा, एवढं एक वाक्य काढा. बाकीचं पत्र चांगलं आहे.

वाक्य काढलं. बाकीचं पत्र म्हणजे वर 'सप्रेम नमस्कार' आणि खाली रिकामी जागा. नाव लिहायची परवानगी नाही.