नुसतं 'खराब' चालत नाही

गंगापूर रोड, नाशिक

ती. पप्पा,

इंजिनिअरिंगची पदवी घेऊनही एम.ए. मराठीला गेले, तेव्हापासून तुम्ही माझ्याशी बोलत नाही. आज मॅडमनी माझा समीक्षेचा निबंध वर्गात वाचून दाखवला. सगळ्यांनी डोक्यावर घेतलेल्या कादंबरीत नायिका कुठल्या पानापासून गप्प होते आणि लेखकच बोलत सुटतो, ते मी दाखवलं होतं.

"कुठे शिकलीस हे?" मॅडमनी विचारलं.

"ओझरला," म्हटलं.

तिथल्या कारखान्यात तुम्ही पार्ट तपासता. नुसतं 'खराब' लिहून पार्ट परत पाठवता येत नाही, कुठे आणि किती चुकलंय ते लिहावं लागतं, हे जेवताना तुम्हीच सांगायचात.

हे पत्र माझ्याकडेच ठेवते, कौतुक तुम्हाला खपत नाही. नुसता निबंध पाठवतेय. त्यातली चूक काढायला तरी फोन कराल. सापडणार नाही, पण करा.

तुमचीच,
मनाली