जेवणाची तोंडी गणितं

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? भाऊजींच्या पोटाचीही चौकशी करणार होतो, पण त्यांच्या पोटाविषयी मी यापुढे अवाक्षर काढू नये असं त्यांचं म्हणणं असल्याचं कळलं, तेव्हा तो प्रश्न मागे घेतो.

आता ज्यावरून एवढं महाभारत झालं ती गणितं. सुट्टी तोंडावर आली, दुसरीतल्या मुलांचं चित्त थाऱ्यावर नाही, तेव्हा सुट्टीच्या जेवणावरच तोंडी गणितं काढा, असा मुख्याध्यापिकाबाईंचा हुकूम झाला. मी पडलो एकटा माणूस. सुट्टीचं जेवण म्हटलं की मला तुझंच टेबल माहीत, दर वर्षी तिथेच तर जेवतो. म्हणून लिहिलं : 'टेबलावर अठरा बटाटे होते. एका गृहस्थांनी "हल्ली मी कमीच खातो" असं म्हणत नऊ खाल्ले. किती उरले?' यात नाव नाही, गाव नाही. सगळ्या वर्गाने निमूटपणे नऊ लिहिलं. तुझ्या लेकीने मात्र नऊ लिहून पुढे कंसात 'हे माझे बाबा' असंही लिहिलं. (उत्तर बरोबर होतं, गुण द्यावेच लागले.) तोंडी गणितही वहीत उतरवून त्यावर वडिलांची सही आणायची हा नियम काही मी केलेला नाही.

मग सुपाचं. 'सुपाला दोन चमचे मीठ पुरतं. आईने एक घातला, विसरून पुन्हा दोन घातले, आणि चव न बघता आणखी दोन. किती जास्त झाले?' यात बेरीज आहे, वजाबाकी आहे आणि तुझी आठवणही आहे. शिक्षकांच्या खोलीत त्याचं फार कौतुक झालं. तुझ्या हातच्या जेवणाची कीर्ती मी चारचौघांत पसरवली, तर तू माझ्याशी बोलणंच टाकलंस. चांगुलपणाचे दिवस राहिले नाहीत हेच खरं.

परवा शाळा सुटल्यावर भाची माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. वर्गात ती मला सर म्हणते आणि वर्ग रिकामा झाला की मामा, हे आमचं ठरलेलं. वर्ग रिकामा होता. म्हणाली, "सर, सुट्टीच्या जेवणाला आमच्याकडे नऊ ताटं असतात. आईने काल एक परत कपाटात ठेवलं. मग किती?" मी म्हटलं, "तूच सांग." "आठ," म्हणाली आणि दप्तर उचलून गेली. वजाबाकी पोरीची पक्की आहे, शिकवली कोणी ते विचार. पण मला फार वाईट वाटलं, ताई.

रागावलो मात्र मुळीच नाही. यंदा सुट्टी खोलीवरच शांतपणे घालवीन म्हणतो. पाव आहे, अंडी आहेत, आणि मीठ अगदी बेताचं. बाकी ठीक.

तुझा,
धाकटा

ता. क. बटाट्यांचं गणित बदललं आहे, भाऊजींना सांग. आता ते गृहस्थ चारच खातात. (मुलांचा विश्वास बसत नाही, पण माझा नाइलाज आहे.)

आणखी ता. क. काल पाव आणि अंडं खाऊन पाहिलं. एकाला एकाने भागायचं, उत्तर चुकायची भीती नाही. पण समोर भांडायला कोणी नसलं की घास खाली उतरत नाही.

शेवटचा ता. क. वर सवयीने 'बाकी ठीक' लिहून गेलो, ते चुकलं. माणसं नऊ, ताटं आठ. बाकी एक. त्याला स्टूलही चालेल, आणि तो सूप दोनदा घेईल.